धवलेरीच्या गाण्यात मधेच तुम्ही

अण्णा, परवा माझ्या वर्गात तुम्ही बोललात. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि ध्यानीमनी नसताना हेडफोनमधून थेट कानात, "आजी, जरा इकडं बघ की!"

मी मोखाड्याला आश्रमशाळेतल्या मुलांना सिनेमा करायला शिकवते. हसू नका. मोबाइल हातात आला की कार्टी नुसती झूम करत सुटतात. "अरे, माणूस नीट बघू तर दे!" म्हणून मी ओरडते, आणि ओरडताना लग्नांच्या शूटिंगमधले तुमचेच नियम तोंडात येतात. शॉट संपला तरी कॅमेरा लगेच बंद करायचा नाही. आणि कॅमेऱ्यामागच्यानं तोंड उघडायचं नाही. लहानपणी जव्हारच्या एका लग्नात मी "अण्णा, नवरी रडतेय बघा!" असं ओरडले, तर चारचौघांत केवढे डाफरलात. "घरी जा. लोकांच्या लग्नात तुझा आवाज नकोय." मी दिवसभर जेवले नव्हते.

तर पोशेऱ्याची एक मुलगी आपल्या आजीवर फिल्म करतेय. आजी धवलेरी होती, गावातली लग्नं ती गाऊन लावायची. आता ती नाही. ती गाताना दिसते अशी एकच कॅसेट घरात उरलेली, मावशीच्या लग्नाची. आम्ही ती नाशिकहून पेन ड्राइव्हवर उतरवून आणली. शूटिंग तुमचं, हे मला काय ठाऊक! आपल्या घरातल्या कॅसेटी मी कधीच पालथ्या घातल्यात, एकीतही तुम्ही नाही. तेव्हाची रीतच ती, मूळ आवाज पुसायचा आणि वर सनई नि हिंदी गाणी चढवायची. सगळ्यांची बोलणी पुसलीत, स्वतःचीही. या घरानं मात्र हट्ट धरला असणार, आमच्या धवलेरीच्या गाण्यावर दुसरं गाणं नको. त्यांच्या हट्टापायी तुम्ही वाचलात. भिंतीवर तुमचा फोटो आहे हो, पण आवाज मी विसरले होते. आई गेल्यावर विचारायलाही कुणी उरलं नाही.

लॅपटॉपवर आजी गातेय. एक कडवं संपवून श्वास घेते, तेवढ्यात तुम्ही बोलता, ती मान वर करून हसते आणि पुढचं कडवं धरते. मुलगी वैतागली. "मॅडम, हा कोण मधीच बोलतो? आजीचं गानं मोडतो. काढून टाकू?" कोण ते सांगितलं असतं तर पोरीनं माझ्या तोंडाकडे बघून आवाज ठेवला असता, आणि फिल्म तिच्या आजीची न राहता माझ्या बापाची झाली असती. तिनं पुन्हा विचारलं, "वळखीचा आहे का?"

"नाही गं. असेल कुणी शूटिंगवाला. काढ."

काल शाळेत सगळ्यांना फिल्म दाखवली. आजी थांबते, कुणी हाक न मारता वर बघते आणि हसते. मुलीची आई पुढेच बसली होती. पदर तोंडाला लावून म्हणाली, "माज्याकडंच बघून हसली." मलाही रडू आलं. तुमचा आवाज मधे असता तर ती तुमच्याकडे बघून हसली असती. काढला ते बरंच झालं, असं मी सारखं स्वतःला सांगतेय.

पण चैन नाही, अण्णा. मुलांच्या शॉटच्या शेवटी ती रिकामी शांतता असते ना, तिथं मी आवाज वाढवून कान देते. मुलं विचारतात, "मॅडम, काय ऐकता?" काय सांगू?

हे पत्र टाकायचं कुठं, तेही कळत नाही. एवढं एक लिहिते आणि ठेवून देते. तिनं तुमचा आवाज कापला तेव्हा मी उठून व्हरांड्यात गेले, आणि आजूबाजूला कुणी नाही बघून तुमच्यासारखं म्हणून पाहिलं. "आजी, जरा इकडं बघ की!" पुन्हा एकदा म्हटलं. दोन्ही वेळा माझाच आवाज आला.