राक्षसाच्या गळ्यातून

तीर्थस्वरूप मामांस,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (डोकं माझं स्वतःचं. कामावरचं दारातून आत येत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा बसलेला आवाज एव्हाना उठला असेल. नसला उठला तर घरात शांतता असेल, तीही तब्येतीला बरीच. (पत्र तिला वाचून दाखवताना एवढं गाळावं.)

मी इथे मजेत आहे. सिनेमात काम मिळाल्याचं तुम्हाला कळलंच असेल, कारण आईला सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. कसलं काम, ते मात्र तिला सांगितलेलं नाही. मामा, मी राक्षस आहे. समुद्रातून निघतो, आगगाडीचा पूल मोडतो आणि शेवटी मरतो. पूल पुठ्ठ्याचा आणि समुद्र म्हणजे हौद. मरण तेवढं खरं वाटतं, कारण अंगावर सगळं रबर आणि स्पंज, त्यात वरून दिवे. उकडत्या बटाट्याला काय वाटत असेल ते मला आता कळतं. राक्षसाचे डोळे माझ्या डोक्याच्याही वर आहेत, ते नुसते शोभेचे. मला दिसतं ते त्याच्या गळ्याला पाडलेल्या भोकातून, तेही समोरच्याच्या पोटाएवढंच. त्यामुळे इथली माणसं मी पोटांवरून ओळखतो. दिग्दर्शकसाहेब रागावले की पोट आधी आत जातं, आवाज मागून येतो.

सुरुवातीलाच मी पूल सोडून भलतीकडे गेलो आणि दिव्याचा खांब पाडला. साहेब म्हणाले, “अरे राक्षसा, तुला पूल दिसत नाही?” मी आतून खरं ते सांगितलं, की नाही दिसत. पण आतलं बोलणं बाहेर घुमून येतं. साहेब खूश झाले. “हां, ही डरकाळी झकास. हीच ठेव.” तेव्हापासून माझी प्रत्येक तक्रार डरकाळी म्हणून जमा होते. (‘पाणी द्या हो कुणीतरी’ ही सगळ्यात गाजली.)

चेन पाठीला असल्यामुळे ती उघडणारा शिंपी कुठे गेला की मी जिन्यावर बसून राहतो. (शेपटीमुळे खुर्ची चालत नाही.) पण लोकांची माया फार. येताजाता पंजा हातात घेतात, “काय राक्षसराव, आज कुणाचा नंबर?” म्हणून विचारतात. बायका लेकरांना माझ्या मांडीवर बसवून फोटो काढतात, तेव्हा मी हसतो. फोटोत येत नाही, पण हसतो.

अडचण कातडं उतरवल्यावर होते. एकदा हातपाय धुऊन त्याच मंडळींशेजारी जेवायला बसलो, तर मेकअपवाला म्हणाला, “पाहुणे, ही जागा कामाच्या लोकांची.” मी म्हटलं, मीच तो राक्षस. त्याने मला खालीवर पाहिलं. “अस्सं? मग मी तुझी आई.” सगळे हसले. मीही हसलो आणि उठलो. आता पंजे घालूनच जेवायला जातो. घास धड धरता येत नाही, पण लोक सरकून जागा देतात. सुट्टीला पंजे मिळत नाहीत. मग मी दुकानात जाऊन साबण आहे का विचारतो, तेवढंच बोलणं होतं. साबण पुष्कळ साठलाय.

बाकी काळजीसारखं काही नाही. मामीला नमस्कार, धाकट्यांच्या पाठीवर माझ्यातर्फे एकेक थाप.

तुमचा भाचा

ता. क. : आईला सिनेमाला नेऊ नका. राक्षस मेला की ती सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवील, आणि मग कुणीतरी तिला सांगेल.

आणखी ता. क. : इथे कुणाला घरून फोन आला की ऑफिसातला कारकून भोंग्यावर नाव पुकारतो. सगळ्या आवारात ऐकू जातं, आणि माणसं हातातलं काम सोडून बघतात, कोण उठतंय ते. तेवढा एक फोन करा. बोलायला काही नसलं तरी चालेल. फक्त राक्षसाला बोलवा म्हणू नका. माझं नाव सांगा, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. कारकून एकदाच पुकारतो आणि कुणी आलं नाही तर फोन ठेवून देतो. त्याला म्हणावं, पुन्हा पुकारा. पोरगा तिथेच आहे, यायला जरा वेळ लागतोय.