टाइप रेटिंग आणि अप्पांचा अर्ज

३ फेब्रु., सोमवार. लातूर

निवड झाली. मेल सव्वादहाला आला, तेव्हा क्लासमध्ये प्रोजेक्टाइल शिकवत होते. ब्रेकमध्ये जिन्यात उभी राहून वाचला. पहिल्याच ओळीत 'अभिनंदन'. लेखी, सिम्युलेटर, मुलाखत, तिन्ही पास. पायलटचं लायसन हातात पडून अडीच वर्षं झाली. तेव्हापासून बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवतेय आणि या एका शब्दाची वाट बघतेय.

आईला फोन केला. ती रडायलाच लागली. फोन ठेवला आणि मग मेल खालपर्यंत वाचला.

टाइप रेटिंग उमेदवाराने स्वखर्चाने करायचं. कंपनीच्याच केंद्रात. सगळी रक्कम आधी. मुदत चौदा दिवस. पास झाल्यावर नेमणूक 'त्या वेळच्या गरजेनुसार'. वर पाच वर्षांचा बाँड.

परत वाचला. अर्थ तोच निघाला.

४ फेब्रु., मंगळ.

अप्पांना सकाळी ड्यूटीला निघायच्या आधी सांगितलं.

"लायसन झालं की तुझं."

"ते लहान विमानाचं, अप्पा. प्रवाशांचं विमान उडवायचं तर त्या त्या मॉडेलचं वेगळं शिकावं लागतं. त्याला टाइप रेटिंग म्हणतात."

"मग शिकवतील की."

"शिकवतात. पैसे घेऊन."

"कुणाचे?"

"आपले."

अप्पा एसटीत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर. खाकी शर्टाची बटणं लावत होते, हात थांबला. "इमान त्येंचं. पॅसेंजर त्येंचे. तिकिटाचे पैसे त्येंचे. अन् शिकायचे पैसे तू द्यायचे?"

हाव म्हणलं.

"लई हुशार माणसं हैत," म्हणले आणि निघाले. किती ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. लायसनच्या वेळी रेणापूर रोडचा प्लॉट गेला. आता विकण्यासारखं म्हणजे हे राहतं घर.

आई दिवसभर एकच विचारत होती, पेढे वाटायचे का नाही.

६ फेब्रु., गुरु.

क्लासच्या सरांना कुठून तरी कळलं. सकाळी गेटवर बॅनर. माझा युनिफॉर्ममधला फोटो, खाली 'आमच्या कॅप्टन मॅडम'. मी कॅप्टन नाही. अजून काहीच नाही. काढा म्हणलं तर म्हणे, "असू द्या हो मॅडम, अॅडमिशनचे दिवस आहेत."

मग टा. रे. चं, म्हणजे टाइप रेटिंगच्या पैशांचं, सांगितलं. सर खुर्चीत मागं रेलून, "मग भरून टाका की. मेडिकलची पोरं भरत न्हाईत का? दोन-तीन वर्षांत वसूल."

त्यांना सांगायचं ते इथं लिहिते. डॉक्टरची पदवी कुठल्याही दवाखान्यात चालते. हे रेटिंग त्या एका मॉडेलवरच चालतं, आणि उडवायला मिळालं नाही तर तेही शिळं होतं. दवाखान्यात नवी नर्स लागली तर तिथल्या मशीनवर शिकायचे पैसे तिच्याकडून घेतात का? बँकेत लागलेल्या क्लार्ककडून घेतात का? आणि शिकवणारे तेच, पास-नापास करणारे तेच, नंतर बोलवायचं का नाही ठरवणारेही तेच. मग आपण नेमकं भरतो कशाचं?

तासाला गेले तर पोरांनी टाळ्या वाजवल्या. पाठ फिरवून फळ्यावर लिहीत राहिले. काय लिहिलं ते आठवत नाही.

९ फेब्रु., रवि. नांदेड, येऊन-जाऊन

इम्रानला भेटायचं म्हणून अप्पांच्याच गाडीने नांदेडला गेले. इम्रान माझ्या बॅचचा, आमच्यात सगळ्यात हलक्या हाताने लँडिंग करणारा. याच कंपनीत पैसे भरून त्याने टा. रे. केलं. पास झाला. त्याला चौदा महिने झाले. 'गरज' काही निर्माण झाली नाही.

तो वडिलांच्या टाइल्सच्या दुकानात होता. एका नवराबायकोला बाथरूमच्या फरशा दाखवत होता. पाणी मारून दाखवत होता, पाय घसरत नाही म्हणून. मी बाहेरच थांबले. ते जोडपं गेल्यावर आत गेले. मला बघून हसला, पण हात पुसत राहिला, पुसत राहिला.

"नक्को भरू," पहिलं वाक्य. आणि चहा येईपर्यंत, "पर तू न्हाई भरलीस तर दुसरी भरंल. मागं लाइन लागून हाय."

त्याला दर वर्षी सिम्युलेटरवर परत परीक्षा द्यावी लागते, नाहीतर रेटिंग जातं. तेही पदरचे पैसे घालून. आमच्या बॅचचा एक जण दोनदा नापास झालेला. त्याच्या वडिलांचे पेट्रोल पंप. तो आज उडतोय. इम्रान चिडला नाही हे सांगताना. मला त्याचाच जास्त राग आला. म्हणलं, तू भांडत का नाहीस?

"कोणाशी? अब्बांनी दुकान उभं केलं, त्यातलं निम्मं मी खाल्लं. आता भांडायला मुंबईला जाऊ?"

निघताना मात्र एक बोलला ते डोक्यात बसलंय. "अशी दोन वर्षं कर्जाखाली दबून राहिलेला माणूस ताप असला तरी 'आज मी उडवत न्हाई' म्हणंल का? मी तर तसाच उडवीन. मागं दीडशे माणसं बसलेली असली तरी."

परतीला पण अप्पांचीच गाडी. अहमदपूरला दहा मिनिटं थांबली. कँटीनमध्ये कंडक्टर शिंदेमामा माझ्यासमोर बसले. चांगला माणूस, त्यांना वाटलं मला माहीत असेल. "आता तुझे अप्पा चालले सोडून. आम्हाला असा जोडीदार कुठं मिळायचा?"

कुठं चालले, म्हणलं.

अप्पांनी शुक्रवारी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिलाय. नोकरीची चार वर्षं बाकी असताना. माझ्या रेटिंगसाठी. फंडाचे पैसे एकरकमी मिळतात, तोवर त्या भरवशावर उसने काढायचे म्हणून.

चहा तसाच टाकून गाडीकडे गेले. अप्पा टायर बघत होते.

"खरं का हे?"

"गाडीत बस."

"अप्पा, खरं का?"

"टायम झाला. बस म्हणलं न्हाई का?"

मी त्यांच्या मागच्याच सीटवर होते. लातूरपर्यंत त्यांची मान बघत आले.

१० फेब्रु., सोम.

सकाळी भांडण. शेजारच्यांना ऐकू जाईल असं. आईला अर्जाचं माहीत होतं! सही करताना चष्मा हिनेच आणून दिला म्हणे.

मी म्हणलं, तुम्ही कुणाला विचारून केलं? अप्पा म्हणले, "माझी नोकरी हाय. कुणाला इचारू?"

मग जरा थंड झाल्यावर त्यांनी सांगितलं, पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. एसटीत लागले तेव्हा महामंडळानं शिकवलं. ट्रेनिंगची गाडी, शेजारी उस्ताद. घाटात गाडी मागं आली, कठड्याला घासली, बंपर गेला. "वाटलं घरी पाठवतेत. उस्ताद म्हणला, आता इथं घासून घे, पुढं पॅसेंजर घेऊन घासू नको. एक रुपया मागितला न्हाई. वर ट्रेनिंगचा भत्ता देत होते."

"तेच तर म्हणतेय मी! तुमच्याकडून घेतला नाही, मग माझ्याकडून का?"

"मग न्हाई घेणारी कंपनी दाखव मला. हाय का एखादी? न्हाई ना? मग मी काय करू? तू त्या क्लासात म्हातारी होताना बघू?"

मी भांडं आपटलं. बाईमाणसासारखं वागू नको म्हणले. मग मी खरंच ओरडले.

त्या मेलवर सही करणारा तिकडे एसीत बसलाय आणि आम्ही दोघं इथं एकमेकांना खातोय.

१२ फेब्रु., बुध.

कंपनीला लिहिलं. चार वेळा खोडून. शेवटी सरळ: बाँड सात वर्षांचा करा. टा. रे. चा खर्च पगारातून कापा. नापास झाले तर नोकरीवरचा हक्क सोडते. पण आधी रक्कम देणार नाही, आणि 'गरजेनुसार' हा शब्द चालणार नाही, नेमणुकीची तारीख लिहून द्या. लेखी परीक्षेत पहिल्या पाचात होते हेही टाकलं. मग काढलं. मग परत टाकलं.

खरं सांगायचं तर मला ते विमान पाहिजे. सगळा राग बाजूला ठेवला तरी पाहिजे. ते त्यांना माहीत आहे, त्याचेच तर पैसे मागतात.

१४ फेब्रु., शुक्र.

कंपनीतून फोन. बाईचा आवाज, गोड. प्रस्ताव 'वर पाठवलाय'. पण जागा धरून ठेवता येत नाही. सोमवारी पाचपर्यंत रक्कम आली नाही तर नाव यादीतून जाईल. आणि मॅडम, ही तुमची स्वतःमधली गुंतवणूक आहे असं समजा.

म्हणलं, माझे वडील अठ्ठावीस वर्षं बस चालवतात. पहिल्या दिवशी त्यांना कुणी असं म्हणलं असतं तर त्यांनी चावी हातात घेतली नसती.

ती एकदम हळू आवाजात, "मॅडम, माझ्या भावानेही भरलेत." आणि लगेच आधीच्याच आवाजात, "तुमचा दिवस शुभ असो."

आता हिच्यावर कसं चिडायचं?

१५ फेब्रु., शनि.

आई म्हणते अर्ज मागे घेता येतो, साहेबांनी अजून वर पाठवला नाही. अप्पांसारखा ड्रायव्हर जातोय याचं साहेबांनाच वाईट वाटतंय. अप्पा ऐकत नाहीत. आता आम्ही दोघं आईमार्फत बोलतोय. "तिला सांग डबा घेऊन जा." "त्यांना सांग गोळी घ्या."

१७ फेब्रु., सोम.

क्लासला रजा टाकली. सकाळी डेपोत गेले. अप्पा लॉगशीटवर सही करत होते, उदगीरची ड्यूटी. भांडायला गेलेच नव्हते. एवढंच विचारलं, "अप्पा, पैशाचं सोडा. माझंही सोडा. तुम्हाला गाडी सोडायचीय का?"

माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. इतक्यात कंट्रोलरनं माइकवर गाडी पुकारली, शिंदेमामांनी घंटी दिली. अप्पा चढले, आरसा नीट केला. काच खाली करून म्हणले, "संध्याकाळी बोलू."

मी मोठ्याने म्हणलं, पाचपर्यंतच मुदत आहे. ऐकू गेलं की नाही कोण जाणे, गाडी फाटकाबाहेर पडली होती.

दोन वाजता त्या बाईचा मेसेज: मॅडम, हो की नाही?

चार. परत.

पावणेपाचला तिला लिहिलं: माझं उत्तर बुधवारच्या पत्रात आहे. ते वाचा.

आता साडेपाच. तिकडून काही नाही. उदगीरची गाडी सहाला आत येते. स्टँडवर जाते.