करड्या धोब्याची तारीख

१० सप्टेंबर २०२५

आला नाही.

११ सप्टेंबर

आला नाही. सहा ते साडेसात गच्चीवर. कावळे, घारी, पोपटांचा एक थवा. करडा धोबी नाही.

१४ सप्टेंबर

एकतीस वर्षांच्या वह्या काढल्या. पहिली अठ्ठावीस वर्षं तो आठ ते चौदा सप्टेंबरच्या मध्ये आला. एकदाही चुकला नाही. मग एकोणीस. मग चोवीस. गेल्या वर्षी तीन ऑक्टोबर! याच तीन वर्षांत टॉवरवाल्यांनी बंद गिरणीचं तळं अर्धं बुजवलं. आणखी काय पुरावा हवा यांना?

नियम माझा आणि साधा — पहिली तारीख ऐकून लिहायची. मुठीत मावेल एवढा पक्षी. हिमालयातून येतो. तळ्यावर उतरण्याआधी गच्चीवरून जाताना दोनदा बोलतो. चिट्-चिट्. काचेवर सुई ओढावी तसं. पूर्वी नंतर गिरणीत शिरून बघताही यायचं. आता पत्रे ठोकलेत. गेटवरचा वॉचमन म्हणतो, अंदर क्या है मॅडम, मच्छर है.

१८ सप्टेंबर

आमच्या पक्षीवाल्या ग्रुपवर हितेंद्रचा मेसेज. करडा धोबी, घोडपदेव, पहिली नोंद ११ सप्टेंबर, सकाळी ६.४०. फक्त आवाज.

अकरा तारखेला सहा-चाळीसला मी गच्चीवर होते. त्याची खिडकी इथून दोन चाळी पलीकडे. त्याने ऐकला आणि मी नाही?

तळ्यावर टॉवर बांधणाऱ्या कंपनीने पक्ष्यांचा अहवाल लिहायचं काम त्यालाच दिलंय. म्हणजे ही तारीख त्यात जाणार. पक्षी वेळेवर येतो, तळं बुजवल्याने काही बिघडत नाही. सही, शिक्का.

बारावीला माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसायचा. याच गच्चीवर मी त्याच्या हातात पहिली दुर्बीण दिली. ऐकलं नाही ते लिहायचं नाही — हे त्याला कुणी शिकवलं? मी!

१९ सप्टेंबर

गेल्या वर्षीचं आठवलं. सप्टेंबरातच एकदा हितेंद्र आला होता, सकाळी, गच्चीवर. मी तळ्याबद्दल सांगत होते. मध्येच त्याने वर बघितलं. मग माझ्याकडे. काहीतरी विचारणार होता, विचारलं नाही. चहा न घेता गेला.

तेव्हाच ओळखायला हवं होतं. कंपनीचं काम नुकतंच धरलं होतं त्याने. माझ्या नजरेला नजर देववेना.

२१ सप्टेंबर, रविवार

ग्रुपची बैठक. परळला, मनमोहन यांच्या घरी. ग्रुप त्यांनी सुरू केलेला. चौदा माणसं. निम्म्यांचं बोलणं कळलंच नाही. हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात.

मी वह्या नेल्या होत्या. तारखा वाचल्या. मग म्हटलं, एका वस्तीत एकच पक्षी आलाय आणि आलेला नाही, दोन्ही खरं असत नाही. एकजण खोटं लिहितोय. कोण, ते कोण कुणाचं काम करतो त्यावरून ठरवा.

मनमोहन म्हणाले, जरा सबुरीने घ्या. सबुरीने! सबुरीने तळी वाचतात का?

हितेंद्र उठला. मला वाटलं वाद घालेल. मला तो हवाही होता.

"बाईंची नोंद धरा," म्हणाला. "माझी काढून टाका."

आणि बसला. कबुलीच ती. कुणी वर बघेना. मला बरं वाटलं. लिहून ठेवते — बरं वाटलं.

२५ सप्टेंबर

टॉवरच्या परवानगीवरच्या सुनावणीसाठी निवेदन पाठवलं. सोबत तारखांचा तक्ता. शेवटच्या परिच्छेदात हितेंद्रचं नाव, पूर्ण. दोनदा खोडलं. तिसऱ्यांदा ठेवलं.

१ ऑक्टोबर

आला नाही.

४ ऑक्टोबर

आला नाही. आता येणारही नाही. माझं खरं ठरलं. असलं खरं ठरणं कुणाला हवं होतं!

खालच्या मजल्यावरची शेवंती कपडे वाळत घालायला आली. दुर्बीण दिसली की तिचं ठरलेलं — बाईनू, कोणाची वाट बघतास, येवचो हा काय तो? आज मी हसले नाही. काल बांगडे द्यायला आली होती म्हणे, तीनदा बेल वाजवली, मी दार उघडलं नाही. बेल बिघडली असणार. या चाळीत काय धड आहे?

६ ऑक्टोबर

शेवंती पुन्हा गच्चीवर. चादर झटकता झटकता थांबली. माझ्या पाठीमागे बोट केलं.

"बाईनू, ह्यो पिवळ्या पोटाचो रोज सकाळी वरडता. महिनो झालो. तुमी ह्याचीच वाट बघतास काय?"

वळले. पाण्याच्या टाकीवर होता. दहा पावलांवर. करडी पाठ, पिवळं पोट, शेपूट खाली-वर, खाली-वर. महिनाभर मी तळ्याकडे तोंड करून उभी.

चोच उघडली. मिटली. पुन्हा उघडली.

मी विचारलं, आत्ता ओरडतोय?

ती माझ्याकडे बघत राहिली. चादर तशीच हातात.

"तर! कान किटले माझे. तुमका ऐकाक येना नाय?"

७ ऑक्टोबर

कानाचे डॉक्टर, परळ. त्यांनी आलेख दाखवला. डावीकडे सपाट, उजवीकडे कोसळलेला. बारीक, उंच आवाज गेलेत. कधीपासून, विचारलं. सांगता येत नाही, हळूहळू जातं, तीन-चार वर्षं सहज.

तीन.

परत येताना निवेदन मागे घेतल्याचं पत्र टाकलं. तळ्यासाठी भांडेन. त्या तक्त्यावर नाही.

८ ऑक्टोबर

हितेंद्रला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे काहीच नाही. की तो बोलला आणि मलाच ऐकू आलं नाही? म्हटलं, मोठ्याने बोल.

"मला माहीत होतं, बाई. गेल्या वर्षी, गच्चीवर. तो आपल्या डोक्यावरून ओरडत गेला. तुम्ही बोलतच राहिलात."