बगळे कळवू नका

१२ एप्रिल १९८४

पुन्हा मुक्काम हलवला. आता तळ्यांच्या वरच्या टेकडीवर. ट्रकवरचं रडार उभं करताना माझ्या जोडीचा शिपाई ओंद्रे याचं बोट चेमटलं. त्याने ज्या स्लोव्हाक शिव्या घातल्या त्या इथे लिहीत नाही, पण पाठ केल्यात. काम तेच – जमिनीला घासून येणारी विमानं पकडायची, जी मोठ्या रडारला दिसत नाहीत. समोर ऑस्ट्रियाची हद्द, काटेरी तारांची; इकडून तिकडे पळणाऱ्यावर गोळी झाडतात. "तिकडून इकडे यायला कोणी वेडं आहे का?" असं ओंद्रे म्हणतो. हळू म्हणतो.

१५ एप्रिल

दुपारी पडद्यावर ठिपके – हद्दीकडून, अगदी खालून, ओळीने. आमचे साहेब लेफ्टनंट कुबाट यांनी कॉफी सांडली आणि रेजिमेंटला फोन लावला. "शत्रूची विमानं. सहा." लगेच दोन लढाऊ विमानं उडाली. थोड्या वेळाने पायलटचा आवाज आला : "सहा नाही, सात आहेत. पाय लांब आहेत."

बगळे!

१६ एप्रिल

रेजिमेंटच्या कर्नलचा फोन. साहेबांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला होता, म्हणून आम्हालाही ऐकू आलं. "कुबाट, पुढच्या खेपेला पिसं मोजून कळव."

साहेब जेवले नाहीत. त्यांचं जेवण ओंद्रेने खाल्लं.

२ मे

रेजिमेंटचा फोनवाला आता "पक्षीसंग्रहालय का?" असंच विचारतो. आज तर तिकडून भेट आली – पक्ष्यांचं रंगीत पुस्तक. साहेबांनी भिंतीवर हुकूम डकवला : सावकाश आणि खालून उडणारं काही दिसल्यास ते पक्षी समजावं. पक्षी कळवू नयेत. खाली सही, शिक्का.

"आणि बगळ्याच्या पोटाखाली बॉम्ब असला तर?" ओंद्रेने विचारलं.

संध्याकाळपर्यंत बटाटे सोलत होता.

२० मे

साहेब ते पुस्तक खरंच वाचतात! दुर्बीण घेऊन तळ्याकाठी जातात. बुटांना चिखल. आम्ही पाठीमागे हसतो. आज माझ्याजवळ येऊन बसले.

"विटेक, बगळा पूर्वेच्या ओढ्याच्या घळीतून गेला तर तुला दिसतो का रे?"

"ओढ्यात नाही, साहेब. हद्दीजवळचं कुरण ओलांडताना तेवढा दिसेल."

"किती वेळ?"

"ओंद्रेची सिगरेट पेटेपर्यंत."

खूश झाले. मला आपलं अर्धं सॉसेज दिलं. कधी नव्हे ते!

२७ मे

साहेबांच्या बायको, बोझेनाबाई, खसखशीचे केक घेऊन आल्या. स्वतः एकही खाल्ला नाही. वजन उतरवतायत म्हणे. "आधी होत्या त्याच बऱ्या होत्या," ओंद्रे म्हणाला. तोंडात दोन केक होते, म्हणून साहेबांना कळलं नाही.

१० जून

आज पहाटे कुरणावर ठिपका. एकच. सावकाश, पण आमच्याकडून तिकडे. वारा तोंडावर, तरी रेघ मारल्यासारखा सरळ. बगळे असे जात नाहीत. एवढं तर आता मलाही कळतं.

फोन वाजला. "कोणी काही घरघर ऐकली म्हणतात. तुमच्याकडे काय दिसतंय?"

सप्टेंबरात सक्तीच्या लष्करी नोकरीतून माझी सुटका व्हायची आहे. खोटं बोललो आणि पकडलो गेलो तर थेट तुरुंग. खरं बोललो तर विमानं उडणार, आणि या वेळी पाय मोजायला नव्हे. असेल कोणी बेकरीवाला, कोणी मास्तर, घरी जोडलेल्या विमानाच्या लाकडी सांगाड्यावर जीव मुठीत धरून बसलेला. आपल्याला काय ठाऊक?

"बगळा," मी म्हणालो.

"किती?"

"एकच. जाडा आहे."

तिकडे फोनवाला खो खो हसला. ओंद्रे माझ्याकडे बघत राहिला. मग कोणी न सांगता बटाटे सोलायला बसला – ओंद्रे! पडदा रिकामा झाला. अजून अक्षर नीट येत नाही.

११ जून

साहेब हजेरीला आले नाहीत. घराला कुलूप. बोझेनाबाईही नाहीत, कोंबड्या शेजारणीकडे.

कर्नल स्वतः आला. "काल काय होतं ते?"

"बगळा, साहेब."

त्याने भिंतीवरचा साहेबांचा हुकूम सही-शिक्क्यासकट वाचला. फोनवर हसलेला माणूस त्याचाच होता; चौकशी झाली तर तोही अडकणार.

"बगळाच," तो म्हणाला.