लढाईच्या आधीची गाडी

१९ नोव्हेंबर १९७२, रविवार. नागपूर

जुन्या मोटारींच्या आमच्या नव्या क्लबचा आज पहिला मेळावा. गाडी नेण्याचा खरा खर्च म्हणजे दोन डबे पेट्रोल, एक बाद बॅटरी आणि सौ.चा अबोला.

पण डोक्यात घोळतंय ते वेगळंच. कोणती लढाई?

अध्यक्ष भाऊसाहेबांचा नियम असा, की गाडी लढाईच्या आधीची हवी. कामठीचे पॉवरलूमवाले वासुदेवराव चक्क अम्बेसेडर घेऊन आले. भाऊसाहेब हसले, "अहो, ही तर कालची! माझी बघा, चाळीस वर्षांची, अजून घोड्यासारखी पळते."

"पासष्टच्या लढाईच्या आधीची आहे ना!"

"लढाई म्हणजे हिटलरची हो!"

"तिथं तुमचं कोण होतं? माहा भाऊ पासष्टात गेला. हे गाडी तोच चालवे. मले विकाची नाही, अन् एकट्यानं पुसत बसाचंही नाही. घेता का नाही, सांगा."

ट्रकांची इंजिनं ऐकत, दुरुस्त करतच मी धंद्यात वर आलो; कान लगेच तिकडे गेला. अम्बेसेडर उभ्या जागी चालू होती, आवाज अगदी एकसारखा. मी म्हटलं, "भाऊसाहेब, नियमात लढाईचं नाव कुठाय?"

नव्हतंच. वासुदेवरावांना घेतलं.

आता नाव घालायचं तर कोणत्या लढाईचं? घरोघरी वेगळी निघेल. गोऱ्या साहेबाची मोजायची, मग आपली काहून नाही?

निघताना भाऊसाहेबांची गाडी सुरूच होईना. अम्बेसेडरला दोर बांधून धरमपेठेत त्यांच्या घरापर्यंत ओढत न्यावी लागली.