काल आणाचं होतं

मा, तुला मराठी वाचता येत नव्हतं आणि मला बंगाली लिहिता येत नाही. म्हणजे तू असतीस तरी हे पत्र तुझ्यापर्यंत पोचलं नसतं. पण मराठी बोलायला तू शिकलीस, आणि ती कशी शिकलीस हे माझ्याखेरीज आता कुणाला ठाऊक नाही. बाबा गेले, शेजारच्या गावातली मावशी गेली. मुलचेऱ्याकडची आपली पोरं आता खेळता खेळता दोन्ही भाषा बोलतात. त्यांना वाटतं, आपल्या आज्याही अशाच बोलत असतील.

आपण आलो तेव्हा मी तुझ्या कडेवर होते, असं तू सांगायचीस. आधी निर्वासितांची छावणी, मग रेल्वे, मग ट्रक, आणि शेवटी हे सागाचं जंगल. वसाहतीत सगळे आपलेच होते, दुकानदार आपला, न्हावी आपला. मराठी लागायची ती आठवडी बाजारात, आणि तिथे बोट दाखवून भागायचं. एकच शब्द तुला आयता मिळाला होता, 'नाई'. आपल्याकडेही नाई, इथल्या लोकांचंही नाई. मीठ नाई, गाडी नाई, डॉक्टर नाई. बाबा हसून म्हणायचे, एवढं आलं की निम्मी भाषा आली.

मी चौथीत होते त्या वर्षीची गोष्ट. पावसाळा सरला होता, धान लोंबीवर आलं होतं. बाबा बांबूतोडीला आत एटापल्लीच्या बाजूला गेले होते. माझ्या धाकट्या भावाला थंडी वाजून ताप भरला. असा ताप आपल्याकडे घरोघरी यायचा आणि उतरायचा, म्हणून तू वाट पाहिलीस. मग त्याचे डोळे फिरायला लागले. माझी शाळेत चाचणी होती. तू म्हणालीस, तू शाळेत जा, मी त्याला घेऊन जाते. दवाखान्यात काय झालं ते मी पुढे तुझ्याकडूनही ऐकलं आणि नर्सबाईकडूनही, म्हणून ते मला पाहिल्यासारखं दिसतं. बाजाराचा दिवस आहे, ओटा माणसांनी भरलाय. नर्सबाई त्याच्या पापण्या वर करून बघते, पोटाला हात लावते आणि तुझ्यावर ओरडते, "काल आणाचं होतं न, बाई! काल आणाचं होतं!" आणि सुई उकळायला आतल्या खोलीत जाते. तू उभी आहेस. आपल्या बोलीत होऊन गेलेल्या दिवसालाही काइल म्हणतात आणि येणाऱ्या दिवसालाही काइलच. 'आण' तुला कळतं, ते आपलंच आहे. त्या दोन शब्दांवरून तू अर्थ लावतेस की उद्या आण. बाई आत निघून गेली, म्हणजे आजचं तपासणं संपलं. तू त्याला पदरात गुंडाळतेस आणि चालू लागतेस.

मी शाळेतून आले तेव्हा तू त्याला मांडीवर घेऊन दारात बसली होतीस. मी विचारलं, तर म्हणालीस, "काइल आनते कइछे." उद्या आणायला सांगितलंय. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उजाडल्याबरोबर आपण दोघी निघालो. ओढ्यापाशी तू थांबलीस, पदर बाजूला करून पाहिलंस. मग तू पुढेही गेली नाहीस आणि मागेही वळली नाहीस. तिथल्याच एका दगडावर बसून राहिलीस. बायका गवताचे भारे घेऊन बाजूने जात होत्या. एकीने विचारलं, "काय झालं वं?" तुला उत्तर देता आलं नाही. मी दिलं.

बाबांना निरोप जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं. नंतर एका दुपारी, भांडी घासता घासता, तू मला त्या बाईचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवलेस. सूरसुद्धा तोच. आणि विचारलंस, "उद्याच म्हणाली ना?" मी चौथीतली पोर, शाळेत उत्तर द्यावं तसं देऊन टाकलं: काल म्हणजे होऊन गेलेला दिवस, येणाऱ्याला उद्या म्हणतात. तू हातातली राख तशीच धरून 'उद्या, उद्या' असं पुटपुटलीस. त्या दिवसापासून तू मराठी शिकायला लागलीस.

पुढच्या पावसाळ्यात तू शेजारच्या गावात रोवण्याला, म्हणजे धानाची रोपं लावायला, जायचीस. ते बौद्धांचं घर, भिंतीवर बुद्धाची तसबीर, आणि मालकीण स्वतः मजुरांबरोबर चिखलात उतरणारी. पहिल्या दिवशी तू मला म्हणालीस, या माशीच्या पाया पड. आपल्याकडे माशी म्हणजे मावशी. ती कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मी माशी? गुळावर बसली का मी?" आणि धानाच्या बांधीतल्या सगळ्या बायका हसल्या. तू हसली नाहीस. वाकून रोपं लावता लावता तू तो शब्द पुन्हा पुन्हा घोळवत राहिलीस, मावशी, मावशी.

तिच्याकडूनच तू शिकलीस. ती बांधी, तो चिखल, ते रोप. तुला हे काही केल्या उमगत नव्हतं. चिखलात आणि रोपात बाईमाणूस काय आणि पुरुषमाणूस काय? तू म्हणायचीस, "मी आला." ती म्हणायची, "आला नाई वं, आली. तू बाई आहेस न?"

"बाई आली, बुवा आला. पन येणं तर एकच न, दीदी? आमच्यात बाई बी आसछे, बुवा बी आसछे."

"तुमच्यात असन. आमच्यात आली म्हटल्याबिगर बाई येतच नाई."

एकदा तू विचारलंस, लेकरू तो की ती? मावशी म्हणाली, ना तो ना ती, ते. "काऊन?" तू विचारलंस. "काऊन म्हंजे? लहान असते म्हणून," ती म्हणाली आणि मान फिरवून रोपं लावू लागली, कारण आपल्या घरचं तिला माहीत होतं. तू मात्र थांबली नाहीस. "मग लेकरू गेला म्हणाचं, का गेली?" मावशीने हातातली पेंढी खाली ठेवली. "गेलं," ती म्हणाली.

शिकणं तुझ्या एकटीपुरतं नव्हतं. तू एकदा शाळेत आलीस आणि गुरुजींपुढे हात जोडून म्हणालीस, "हिले खूब शिक्षा द्या." आपल्याकडे शिक्षा म्हणजे शिकवणं. गुरुजींना वाटलं, पोरगी घरी ऐकत नसेल. दुसऱ्या दिवशी मी कवितेत अडखळले तेव्हा त्यांनी छडी काढली आणि वर म्हणाले, "तुझी माय स्वतः सांगून गेली." घरी तू माझे हात पाहिलेस. कारण कळल्यावर मला वाटलं, आता तरी हसशील. तू खोबरेल घेऊन बसलीस आणि माझ्याकडून 'शिक्षण' हा शब्द इतक्या वेळा म्हणवून घेतलास की तुझ्या तोंडून तो 'ण' एकदाचा नीट निघाला.

मग हिवाळ्यात तू दवाखान्यात गेलीस. मला बरोबर नेलंस, पण तोंड उघडायचं नाही अशी ताकीद देऊन. नर्सबाई तीच होती. तू तिच्या टेबलासमोर उभी राहून म्हणालीस, "माझं लेकरू मेलं." त्या वाक्यात एकही चूक नव्हती. मग म्हणालीस, "तुम्ही म्हटलं, काल आणाचं. आमच्या बोलीत काल म्हंजे उद्या बी होते. मी घरी नेलं."

तिला आठवलं. चेहऱ्यावरून कळत होतं. "मी सुई घेऊन आली तं तुम्ही नाई," ती म्हणाली. "फाटकापर्यंत गेली मी, बाई. आवाज देला. वाटलं, बोलली म्हणून राग आला."

"आवाज ऐकला होता. वाटलं, दुसऱ्या कोणाले."

नर्सबाई बाकावर बसली. तिने विचारलं, "कालही काल न उद्याही काल. मग तुमच्या लोकाइले समजते कसं?"

"पुढच्या शब्दावरून समजते," तू म्हणालीस. "तुमचा पुढचा शब्द मले येत नव्हता."

तो शब्द 'होतं' होता. एवढाच.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी तू दवाखान्याच्या ओट्यावर जाऊन बसायला लागलीस. आपल्या बायकांचं म्हणणं नर्सबाईला सांगायचीस, तिचं आपल्या बायकांना. वसाहतीत लोक म्हणायचे, केवढं पुण्य करते. मला ते पुण्य कधी दिसलं नाही. त्या दिवशी तू घरी येऊन जेवायची नाहीस. कुणाचं पोर सुई टोचून घेऊन रडत बाहेर आलं की तू त्याच्याकडे बघायचीस ती नजर मायेची नव्हती. मला तिची भीती वाटायची.

आता मी चंद्रपूरच्या बसस्थानकावर माईकवरून गाड्या पुकारते. गडचिरोली, आष्टी, मूल. माझ्या बोलण्यावरून कुणाला काही ओळखू येत नाही. घरीही मराठीच. नवरा इथलाच, मुलं इथलीच. बंगाली मी फक्त तुझ्याशी बोलायचे, आणि तू गेल्यावर ती तशीच पडून राहिली.

शेवटच्या आजारात तू माझ्याकडेच होतीस. आधी तुझी मराठी गेली. तो, ती, ते, सगळं एकाच आठवड्यात गळालं. मग वसाहतीतली आपली बोलीही गेली, आणि उरली ती तुझ्या माहेरच्या नदीकाठची, जी मी कधी ऐकलीच नव्हती. एका सकाळी तू माझं मनगट धरलंस आणि सावकाश, नीट, एक लांब वाक्य बोललीस. शेवटी तुझा सूर वर गेला, त्यावरून कळलं की काहीतरी विचारते आहेस. मग तू माझ्या तोंडाकडे बघत थांबलीस. इतर सगळ्यांना मी सांगितलं की मा पाणी मागत होती. तू पाणी मागत नव्हतीस. काय विचारत होतीस ते मला कळलं नाही, मा. मी हो म्हटलं.