बाहेरच्या बाईंची निवड

सोमवार, ६ मे

ठरलं. शिवण मंडळाच्या कार्यशाळेला बाहेरच्या बाई बोलवायच्या! अध्यक्षबाई मान वाकडी करून म्हणाल्या, “तुमच्यावर किती ताण पडतो हो!” माझ्या ताणाची काळजी त्यांना आजच लागली. खरं कारण खजिनदारबाईंच्या तोंडून निसटलं — नव्या बायका माझ्या हाताखाली टिकत नाहीत. कार्यशाळा रंगली तर शनिवारचा वर्गही त्याच बाहेरच्या बाईंकडे. म्हणजे माझा वर्ग!

आणि त्या बाई शोधायच्या कोणी? मीच. चिटणीस ना मी.

मंगळवार, ७ मे

सकाळीही राग गेला नाही. माझा नियम एकच: मांजरपाटावर, म्हणजे जाड्याभरड्या कापडावर, तीनदा बिनचूक शिवायचं. त्याशिवाय चांगल्या कापडाला कात्री लावायची नाही. तिसऱ्यांदा कोणाचंच बिनचूक येत नाही, त्याला मी काय करू? परवा एकीने विचारलं, “पण घालायला कधी मिळणार?” म्हटलं, घालायची घाई असेल तर दुकानात जा.

गेली.

गुरुवार, ९ मे

मुलाखती. पहिले एक गृहस्थ. गळ्यात रेशमी रुमाल, बोटाबोटांत अंगठ्या. कापडाशी ‘संवाद’ साधतात म्हणे. सुईत दोरा ओवायला मात्र मदतनीस लागतो. संवाद आटोपला असेल तर निघा, म्हटलं.

दुसऱ्या, निवृत्त शिवणशिक्षिका. त्यांचं काज मी भिंगाखाली धरलं. उलटं, सुलटं. चूक सापडेना! कळवते म्हटलं. कळवणार नाही. या आल्या तर माझा कारभार आटोपला.

तिसरी — जांभळी नखं, कानांत हे एवढाले डूल. टेप घरी विसरली! “अंदाज असतो हो, काकू.” काकू! माझ्या खांद्याला वीत लावून माप सांगितलं. उत्तम! ही बायकांच्या कापडांचं मातेरं करणार, आणि ‘बाहेरच्या’ हा शब्द मंडळात पुन्हा कोणी काढणार नाही. जागच्या जागी नेमली.

शुक्रवार, १० मे

सूनबाई विचारत होती, कार्यशाळा किती वाजता. तुला कशाला? लग्न होऊन आली तेव्हा शिकवायला घेतली होती. दुसऱ्याच दिवशी मशीनवरून उठली ती उठली. “नुसती बघायला येऊ?” बघायला ती काय सर्कस आहे?

शनिवार, १८ मे

डुलवाली आल्या आल्या म्हणाली, “घरून आणलेलं सगळ्यात आवडतं कापड काढा. कापा!” कात्री हिसकावायला माझा हात पुढे झालासुद्धा. मग आठवलं, मला हेच तर हवं होतं.

खजिनदारबाईंनी दोन्ही बाह्या उजव्याच कापल्या! आता रडारड होणार म्हणून मी दाराशी उभी. तर हशा! डुलवाली म्हणते, “वा! आता दोन उजव्या हातांचं गिऱ्हाईक शोधा.” सगळ्यात मोठं हसणं मागच्या रांगेतून. ओळखीचं वाटेना. बघते तर सूनबाई! अध्यक्षबाईंना सांगून परस्पर येऊन बसलेली.

हिला असं हसता येतं?

रविवार, १९ मे

कार्यशाळेचा दुसरा दिवस. गेलेच नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

संध्याकाळी सूनबाई नातीच्या मापाचा फ्रॉक शिवून घेऊन आली. कॉलरचं एक टोक कानाकडे, दुसरं पोटाकडे. घेर आहे तिथे आहे, नाही तिथे नाही. मी तोंड उघडणार, तोच कार्टीने तो अंगात घातलासुद्धा! “आईने शिवला! आईने शिवला!” — शेजारी, जिन्यात, वाण्याकडे, भेटेल त्याला. कपडे बदलायला तयार नाही.

मग दोघी माझ्या मशीनपाशी बसून चिंध्या जोडत खिदळत होत्या. मी खोलीत गेले. दोघी एकदम गप्प. सूनबाईने तर खुर्चीच सोडली — “बसा ना आई, झालं आमचं.”

झालेलं नव्हतं. सुईखाली कापड तसंच होतं.

सोमवार, २० मे

बाई फार बोलते. नखं शोभत नाहीत. मापाचा पत्ता नाही. तरी एकही बाई मधूनच उठून गेली नाही म्हणे.

मंगळवार, २१ मे

बैठक. शनिवारचा वर्ग डुलवालीला द्यायचा का? पहिला हात माझा वर गेला. अध्यक्षबाईंचा चहा बशीत सांडला.

घरी सूनबाईला सांगितलं. तिने आधी मशीनवरच्या चिंध्या आवरल्या. मग हळूच, “आई, रागावू नका हं. वर्ग त्यांच्याकडे आलाच तर म्हणून कालच नावं देऊन ठेवलीत. शिकणाऱ्यांत. माझं — आणि तुमचं.”